सांबशिवराव कप

समुद्रकाठच्या गोल्फ क्लबाचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहून समारंभात वाचायचं बोलावणं आलं, तेव्हा तंजावूरच्या वैद्यनाथरावांनी ते पत्र आधी देवापुढे ठेवलं आणि मग गल्लीभर फिरवलं. त्यांचे आजोबा सांबशिवराव हे क्लबाचे पहिले कारकून. जुनं दप्तर त्यांच्याच हातचं, मोडी लिपीत. १९६१ साली ते वाचणारा वैद्यनाथरावांशिवाय दुसरा होता कोण?

पत्रातले कारकून आजोबा फिरता फिरता दुसऱ्या घरी सेक्रेटरी झाले आणि चौथ्या घरी संस्थापक. झालं! एवढ्या थोर माणसाच्या सन्मानाला नातलग नकोत? बस ठरली. तीस माणसं, चिंचेच्या भाताचे दोन डबे आणि सगळ्यांत पुढे आजोबांची लेक, वेंकूबाई आत्या.

दप्तर मात्र हाती पडलं आदल्या दिवशी. पहिलंच पान वाचून वैद्यनाथरावांना घाम फुटला. 'मैदानात अठरा बिळे आढळली. साहेबलोकांचे चेंडू आत पडोन खोळंबा होतो. सबब उद्याचे सामन्यापूर्वी सर्व बिळे ओली वाळू घालोन बुजविली.'

"काय हो, तोंड का उतरलं?" त्यांच्या बायकोनं, राजलक्ष्मीनं विचारलं.

"आजोबांनी गोल्फची भोकंच बुजवली गं! चेंडू त्या भोकांत घालायचा, हाच तर खेळ!"

"अय्यो! मग ते पान सोडा की. मोडी कुणाला येतंय तिथं?"

समारंभात त्यांनी तसंच केलं. "माझ्या आजोबांनी या क्लबाची पायाभरणी..." एवढं म्हणतात तोच पहिल्या रांगेतून आत्या उठल्या.

"पायाभरणी कसली रे? बिळं सांग की, बिळं! अस्की, सगळीच्या सगळी अठरा अप्पांनी एकट्यांनी बुजवली. वाळूची टोपली माझ्या डोईवर होती!" आणि मराठी न कळणाऱ्यांसाठी तेच त्यांनी तमिळमध्ये दुप्पट आवाजात सांगितलं.

वैद्यनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्यांची मान मात्र ताठ. आठ वर्षांच्या असताना पाहिलेला बापाचा पराक्रम त्यांनी पन्नास वर्षं उराशी जपला होता. त्यांच्याकडे बघून वैद्यनाथरावांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी चष्मा पुसला आणि ते पान शब्दन्‌शब्द वाचलं, तमिळ अर्थासकट. त्याखालच्या ओळीही वाचल्या: 'सामना दिवसभर चालिला. कोणी जिंकले नाहीत. मोठे साहेब प्रथमच हरले नाहीत, सबब मजवर फार खूष.'

हसून हसून खुर्च्या हलल्या. वीस वर्षं शेवटचा नंबर न सोडलेले अध्यक्ष सुब्रमण्यम डोळे पुसत उठले.

"यापुढे दर वर्षी एक सामना भोकं बुजवून! सांबशिवराव कप! आणि कुणीच जिंकलं नाही, तर कप सांबशिवरावांच्या घरी!"

तेव्हापासून दर वर्षी सामना होतो आणि दर वर्षी क्लबाचा शिपाई कप घेऊन बसनं तंजावूरला येतो. आत्या त्याला आधी कॉफी देतात, मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "काय रे, यंदाही आमचे अप्पाच जिंकले काय?"