तपासनीसांचा शिक्का

"जेवणाच्या सुट्टीआधी डिस्क खाणारा चोर पकडतो आणि नावासकट सगळ्यांना मेल टाकतो!" तपासनीसांनी भर मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं.

डेटाबेस सांभाळणाऱ्या या गृहस्थांचं हे नाव ऑफिसनंच पाडलेलं. डेटाबेसची एक खोड असते. कुठेही काही बदललं, की तो आधी ते रोजनिशीत टिपून ठेवतो. तिला रीडो लॉग म्हणतात. एरवी तिच्या दिवसाला वीस फायली भरायच्या, सोमवारपासून चारशे भरत होत्या! डिस्क भरली, की सगळं ऑफिस ठप्प. त्यात विभागप्रमुखाची खुर्ची शुक्रवारी ठरणार होती, आणि तिच्यासाठी दोनच नावं होती: तपासनीस आणि रिपोर्टवाल्या मॅडम.

"तुमचेच रिपोर्ट!" तपासनीस मॅडमवर घसरले.

"अहो, रिपोर्ट नुसते वाचतात, बदलत काहीच नाहीत. कोणत्या टेबलात बदल होताहेत ते आधी बघा ना."

"मला शिकवू नका!"

रिपोर्ट बंद झाले. लॉग वाढतोच आहे! मग त्यांनी हजेरी बंद पाडली, गोदामाचं काम थांबवलं. माणसं हातावर हात धरून बसली, लॉग काही थांबेना. शेवटी झक मारत त्यांनी बदलांची यादी काढली.

टेबल एकच, ओळी चाळीस लाख. दर पाच मिनिटांनी प्रत्येक ओळीवर कुणीतरी 'तपासले' असा शिक्का मारत होतं. तपासनीसांनी शिक्का मारणारा प्रोग्रॅम उघडून पाहिला. हा उद्योग त्यांचाच! दोन वर्षांपूर्वी साहेबांनी "तुम्ही दिवसभर करता काय?" असं विचारलं, तेव्हा रागानं लिहिलेला. रोज एकदाच चालायचा. खुर्चीची बातमी आली आणि आपलं काम उठून दिसावं म्हणून रविवारी त्यांनी तो दर पाच मिनिटांवर आणला. आपल्या हातून घाण होईल, हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं.

त्यांनी तो बंद केला. लॉग लगेच ओसरला. तेवढ्यात साहेब आले, मागे मॅडम.

"सापडला चोर? नाव?"

"मीच, साहेब."

साहेब रागावलेसुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं.

"हे बंद केल्यावर कुणाचं काही अडलं?"

"नाही."

"मग दोन वर्षं कशासाठी चालू होतं?"

मॅडम हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी दयेनं मान खाली घातली, आणि तपासनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेल गेला, नावासकट. शुक्रवारी खुर्ची मॅडमना मिळाली. त्यांचा पहिला हुकूम: तपासनीसांनी दिवसभरात काय केलं, ते रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं.

पहिल्या दिवशी दीड ओळ भरली.