व्हिला नंबर चौदाचा डावा हात

मिस्टर हॉलिस कुठलीही वस्तू कुणाच्या हातात देत नसत, फेकत. गाडीची किल्ली, संत्रं, गुंडाळलेलं विजेचं बिल, एकदा तर बाथरूमचा गळका नळ. आधी “स्टे रेडी!” असं ओरडत आणि आपण तयार आहोत की नाही हे न बघताच वस्तू सोडून देत. तीही डाव्या हातानं. आणि ती जायची भलतीकडेच.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. दोह्यातल्या अल दुहैल भागात एका कंपाउंडच्या मेन्टेनन्स ऑफिसात मी क्लार्क होतो. चौदा नंबरच्या व्हिलात हे साडेसहा फुटी गृहस्थ एकटे राहत आणि जवळच्या शाळेत खेळ शिकवत. शाळेनं त्यांना अमेरिकेहून आणलं होतं ते ‘माजी व्यावसायिक क्वार्टरबॅक’ म्हणून. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा गडी मागे उभा राहून चेंडू फेकतो, आणि तो पळणाऱ्या साथीदाराच्या नेमका हातात पडतो. नेमका! आणि आमच्या साहेबांचं संत्रं टेबलापलीकडच्या माझ्यापर्यंत न येता झेरॉक्स मशीनवर आपटायचं.

मी कॉलेजात निषेधाची पत्रकं लिहून वाढलेला माणूस. ढोंग दिसलं की माझे हात शिवशिवतात. हा माणूस क्वार्टरबॅक असेल तर मी कतारचा अमीर, असं माझं स्पष्ट मत झालं.

त्याहून संताप यायचा तो इब्राहिमचाचांमुळे. चाचा दापोलीचे, कंपाउंडची व्हॅन चालवायचे, वय पन्नाशीपार. गावाकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये विकेटकीपर होते. साहेबांची फेक कितीही वाकडी असो, चाचा झेप घ्यायचे आणि झेलायचे. किल्लीसाठी फरशीवर लोळले, पाण्याच्या बाटलीसाठी मेंदीच्या कुंपणात शिरले. मग साहेब दोन्ही हात वर करून “परफेक्ट!” म्हणत. उजवा खांद्यापाशीच थांबायचा. तोही मला आळसच वाटला.

“चाचा, तुम्ही ड्रायव्हर आहात की सर्कशीत आहात?”

“पुढारी, तुझ्या पोटात का दुखतंय? झेलतो ना मी?”

“किल्लीसाठी माणसाला फरशीवर लोळवायचं, ही कुठली पद्धत? मी अर्ज लिहितो.”

“लिही. चाचाची कीपिंग अजून शाबूत आहे, तेही घाल त्यात. यल्ला, चहा पी आधी.”

अर्जाला पुरावा हवा. एसीचा फिल्टर तपासायच्या निमित्तानं मी चौदा नंबरात शिरलो. भिंतीवर टीमचा फोटो होता. चाळीस-पन्नास माणसं चिखलानं बरबटलेली आणि टोकाला आमचे साहेब, इस्त्रीतून काढल्यासारखे. मी सरळ विचारलं, “सर, तुम्ही खरंच खेळलात का?”

त्यांना राग आला नाही. म्हणाले, “अकरा वर्षं तयार होतो.”

राखीव क्वार्टरबॅक! पहिला जायबंदी झाला तरच यांचा नंबर. “त्याला साधी सर्दीही व्हायची नाही. मी रोज सकाळी मोठ्या आशेनं त्याची तब्येत विचारायचो.” अकराव्या वर्षी अखेर त्याचा घोटा मुरगळला. साहेब मैदानात उतरले. दोन चेंडू बरोबर पोचले. तिसरा सुटायच्या आत फ्रिजएवढा माणूस त्यांच्या उजव्या खांद्यावर कोसळला. “खलास,” साहेब म्हणाले. अरबी त्यांना तेवढीच यायची.

बायकोही त्याच सुमारास सोडून गेली. तिचं म्हणणं, तू घरीसुद्धा बाकावरच बसलेला असतोस. मुलगी नोरा तिच्याबरोबर गेली. रोज संध्याकाळी परसात बापाचे चेंडू झेलणारी ती पोरगी आता एकोणीस वर्षांची होती आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा येणार होती. शुक्रवारी. फोनवर तिनं एवढंच विचारलं होतं, “आपण कॅच-कॅच खेळू ना?” उजवा हात पुन्हा वर गेलाच नाही, हे साहेबांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

“डाव्यानं जमतंय आता,” ते म्हणाले. “तुमचा इब्राहिम एकही सोडत नाही.”

मला गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, “सर, तुमची फेक चांगली नाही. चाचांचा झेल चांगला आहे.”

साहेब हातातलं संत्रं फिरवत राहिले.

“ठाऊक आहे. चेंडू कुठे जाणार हे मला तो सुटायच्या आधीच कळतं. अकरा वर्षं मी सरावाच्या जाळीत चेंडू फेकले, चुकलेल्या चेंडूमागे जाळी धावत नाही. इब्राहिम धावतो.”

खाली येऊन चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी काच पुसता पुसता एवढंच विचारलं, “पोरगी झेलते कशी?”

“मला काय माहीत?”

“मग मी तिच्या मागे उभा राहतो. सुटला तर आहे मी, इन्शाल्ला.”

शुक्रवारी ऊन कलल्यावर हिरवळीवर बापलेक समोरासमोर उभे राहिले. नोराच्या मागे कुंपणापाशी चाचा आधीच स्वच्छ असलेली व्हॅन पुसत होते आणि मी उगाच बादली धरून होतो. साहेबांनी आज “स्टे रेडी” म्हटलंच नाही. डावा हात मागे नेला आणि चेंडू सोडला.

चेंडू पाण्याच्या टाकीकडे निघाला. चाचांचे गुडघे वाकले, फडकं खाली पडलं. तेवढ्यात साहेबांनी त्यांच्याकडे बघून तळवा दाखवला. नको.

चेंडू टाकीवर आदळून मातीत पडला. नोरा चालत गेली, उचलून घेऊन आली.

“डॅड, उजवा?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तिनं क्षणभर चेंडूकडे बघितलं. मग तो स्वतःच्या उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, “स्टे रेडी!” म्हणून ओरडली आणि फेकला. बापाहूनही वाकडा!

आणि साहेब धावले. इतक्या दिवसांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. उजवा हात पोटाशी धरून त्यांनी झेप घेतली, ते गवतावर पालथे पडले, चेंडू बोटांना लागून निसटला.

“सुटला,” चाचा पुटपुटले.

साहेबांनी पडल्या पडल्या कुशीवर वळून दोन्ही हात वर केले. उजवा खांद्यापाशी थांबला.

“परफेक्ट!”