ओव्हाळभाऊंचे आपोआप मंत्र

आमच्या मजल्यावरच्या ओव्हाळभाऊंना तुम्ही नुसतं "या, बसा" म्हणून बघा. ते उभ्यानेच विचारतील, "कंडिशन काय?"

चहा होणार असेल तर बसतो, नसेल तर निघतो, इतकंच त्यांना म्हणायचं असतं. पण चिखलीत राहायला आल्यावर हे मला कळायला वर्ष गेलं. तोवर मी त्यांना खडूस समजत होते. खडूस ते आहेतच, पण वेगळ्या कारणासाठी.

भाऊ चाकणच्या एका कंपनीत ऑटोमेशनला आहेत. सेन्सरने वस्तू ओळखायची आणि मशीनने पुढचं काम आपणहून करायचं, हे त्यांचं खातं. बरं, कंपनीतलं कंपनीत ठेवावं की नाही? छे! सोसायटीच्या जिन्यातला दिवा त्यांनी असा करून ठेवलाय की माणूस आला की लागतो आणि गप्पा मारत थांबला की विझतो. त्यामुळे आम्ही बायका जिन्यात बोलताना अधूनमधून हात हलवतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, भांडण जुंपलंय. मी तक्रार केली तर म्हणाले, "ताई, जिना चढायला असतो. सिस्टीम बरोबर आहे, वापर चुकतोय."

आता पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी काय करत असेल? कॉम्प्युटरवर लढाया! कुठलासा परदेशी गेम आहे. त्यात किल्ले, सैन्य, जादूगार. पोरं तो नुसता खेळतात, भाऊ त्याच्या आत शिरून स्वतःचे मंत्र लिहितात. याला मॉड करणं म्हणतात, असं त्यांनी मला समजावलं, मी न विचारता. मूळ गेममध्ये मंत्र सोडायला पटापट कळा दाबाव्या लागतात. भाऊंच्या मंत्रांना कुणी हात लावायचा नाही. शत्रू वेशीपाशी आला की आगीचा गोळा आपोआप सुटतो. आपला शिपाई अर्धमेला झाला की जखमा भरणारा मंत्र आपोआप.

"सांगावं लागलं तर ती मदत कसली, ताई?" हे वर.

हा जखमांचा मंत्र पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यांनी कंडिशन घातली, जो जखमी असेल त्याला बरं कर. कुणाकडचा, ते घालायचं राहिलं. झालं! भाऊंचा जादूगार शत्रूचीही सेवा करत सुटला. दोन्हीकडचे सगळे ठणठणीत, दुपार सरली तरी कुणी हरेना, कुणी जिंकेना. भाऊंची बायको सुनीतावहिनी मेथी निवडता निवडता म्हणाली, "मग मिटवा की आपसात." भाऊ चिडले, पण चूक कबूल करतील तर शपथ. म्हणाले, "मंत्र बरोबर आहे. जरा भोळा आहे."

हा सगळा उद्योग चालायचा तो दत्तासाठी. दत्ता तळवड्याचा, जुन्या गावातला, भाऊंचा आयटीआयपासूनचा दोस्त. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून त्याने लग्नकार्यालाही जाणं सोडलं. कुणी समोर आलं की हात खिशात. भाऊंनी त्याला अक्षरशः ओढून आणून दर रविवारी आपल्या शेजारी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवायला सुरुवात केली. पटापट कळा दाबणं त्याला जमेना, म्हणून मंत्र आपोआप केले. दत्ता आठवड्यातून तेवढाच घराबाहेर पडायचा, आणि ते बंद पडू नये म्हणून भाऊ जिवाचं रान करत होते.

एका रविवारी मी डबा परत करायला गेले तेव्हा दोघांची लढाई चालली होती. समोर नेटवरून आयटी पार्कातली पोरं. वहिनीचा चहा उकळेपर्यंत दत्ताच्या सैन्याने त्यांचा किल्ला घेतलासुद्धा!

"बघितलंस भावा? काही करावं लागलं का तुला?" भाऊंची छाती फुगली होती.

"न्हाई," दत्ता म्हणाला. "घरीबी कायबी करावं लागत न्हाई. बायको भाकर कुस्करून ताटात वाढती. पोरगं शर्टाची बटणं लावतंय. आता लढाईबी तुझं मशीन करतंय. मंग मी हितं येऊन करू काय रं? पुढल्या बारीला न्हाई येत मी."

"अरे, तुझ्यासाठीच तर..."

"ठावं हाय मला." चपला घालून तो निघून गेला. चहा तसाच राहिला.

त्या आठवड्यात मी भाऊंना "बसा" म्हटलं तर मुकाट बसले. मला भीतीच वाटली. मग म्हणाले, "ताई, अजून एक मंत्र टाकला तर येईल का तो?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, टाकताय काय? काढा एखादा! त्याला काहीतरी काम ठेवा की!"

"चालू सिस्टीममधून काढू?" घराचा खांब काढायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. पण त्यांनी काढला. दत्ताला फोनवर सांगितलं, "जखमांचा मंत्र आता आपोआप सुटत नाही. तो तू सोडायचा. नाही आलास तर माझी माणसं मरतील."

रविवारी दत्ता आला. खुर्चीत बसला, हात खिशातून काढून कळांवर ठेवला. मी आणि वहिनी मागे, भाजी पुढ्यात घेऊन, पण निवडतंय कोण!

लढाई पेटली. भाऊंचे शिपाई पडायला लागले. दत्ता अंगठ्याने आणि करंगळीने कळा चाचपत होता. एक चुकीची दाबली गेली. भाऊंचा हात झटकन तिकडे गेला, आणि निम्म्यातून मागे आला. मग त्यांनी काय करावं? दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले! कपाळावर घाम, समोर सैन्य कापलं जातंय, आणि समोरच्याचं वाक्यही पुरं होऊ न देणारा हा माणूस तोंडातून शब्द काढत नव्हता. मला ते बघवेना.

शेवटी मंत्र सुटला. उशिराच सुटला. निम्मं सैन्य गारद झालं होतं, आणि पुढे ते दोघं हरले ते हरलेच. पण दत्ता खुर्चीतून उठून ओरडत होता, "वाचिवला! तुझा झेंडेवाला वाचिवला का न्हाई म्या?" आणि आम्हा सगळ्यांसमोर त्याने तो हात वर केला. भाऊंनी त्यावर टाळी दिली.

"पुढल्या रविवारी जरा लवकर येतो," दत्ता म्हणाला. "हात बसंल तवर."

"ये," म्हणून भाऊ चहा टाकायला आत गेले. बराच वेळ झाला तरी आतून ना भांड्याचा आवाज, ना गॅसचा. मी मदतीला म्हणून उठले, तर वहिनीने माझा हात धरला.

"थांबा हो," ती हळूच म्हणाली. "तोंड धुऊन येऊ द्या त्यांना."