सुताराची ढोली आणि सरड्याचं पॅकेज

एका जंगलात मोबाइलचा टॉवर उभा राहिला. पुढे काय झालं ते सांगते. नीट मांडी घालून बसा.

टॉवर आल्यावर सगळ्या प्राण्यांनी मोबाइल घेतले. तुम्ही विचाराल, वाघ पंजात मोबाइल कसा धरतो? तो धरत नाही. एक माकड त्याच्यासमोर मोबाइल धरून उभं असतं. वाघाने डोळे मिचकावले की ते पुढचा व्हिडिओ लावतं. या नोकरीसाठी माकडांमध्ये वशिले चालतात. वशिला म्हणजे काय ते तुम्हाला शाळेच्या स्नेहसंमेलनात कळेलच.

त्या जंगलात टकोजी नावाचा एक सुतार पक्षी होता. चोचीने खोड कोरून तो ढोल्या करायचा आणि दुसऱ्या पक्ष्यांना राहायला द्यायचा. भाड्याची रीत ठरलेली होती. ढोलीत जो राहायला येईल, त्याने सुताराच्या पिल्लांना पंख फुटेपर्यंत अळ्या आणून भरवायच्या. कारण सुतार दिवसभर कामावर आणि सुतारीण पिल्लांना ऊब देत बसलेली.

त्या वर्षी टकोजीने बेहड्याच्या झाडावर फार सुरेख ढोली कोरली. पण तिच्यात राहायला कुणी येईना. इकडे त्याची बायको तानीबाई हिची अंडी फुटली आणि पिल्लं बाहेर आली. पिल्लांना जन्मतःच एक विद्या येते. चोच उघडायची. टकोजीची पिल्लं तिच्यात फार हुशार निघाली.

"ढोलीत लवकर कुणी आलं नाही, तर ही जगायची नाहीत," तानीबाई म्हणाली.

टकोजी घाबरला आणि थेट सरड्याकडे गेला.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं पूर्वी म्हणत. आता सरडा ऑनलाइन जाहिराती करायचा, त्यामुळे त्याच्या धावेला कुंपण उरलं नव्हतं. एका वारुळावर त्याने ऑफिस थाटलं होतं. येणाऱ्या गिऱ्हाइकाचा जो रंग, तो रंग तो स्वतः घ्यायचा. टकोजीला पाहताच त्याच्या डोक्यावर लाल तुरा उमटला. टकोजीला वाटलं, हा तर आपल्यातलाच.

सरड्याने त्याला समजावलं, की आजकाल झाडाकडे बघतंय कोण? सगळे मोबाइल बघतात. जाहिरात हवीच. फक्त कोणत्या प्रकारची, ते टकोजीने निवडायचं. मग त्याने पहिला प्रकार सांगितला. कुणी मोबाइलवर 'ढोली' असं शोधलं, की सगळ्यात वर टकोजीचं नाव येईल. त्या नावावर जितक्या वेळा कुणी बोट लावेल, तितक्या अळ्या सरड्याच्या. कुणीच बोट लावलं नाही, तर फुकट.

टकोजीला हा व्यवहार फार प्रामाणिक वाटला.

झाडावर परत आल्यावर त्याने लगेच मोबाइल काढला. आपलं नाव खरंच वर येतं का, ते त्याला बघायचं होतं. नाव आलं. त्याने त्यावर चोच मारली. आता मुलांनो, सुतार पक्ष्याला एकदा चोच मारून थांबता येत नाही. टक टक टक टक. बघता बघता त्या दिवशी पकडलेल्या सगळ्या अळ्या सरड्याच्या झाल्या. सरडा ढेकर देत म्हणाला, की प्रतिसाद उत्तम आहे, एका ग्राहकाला तर ढोली फारच आवडलेली दिसते.

दुसरा प्रकार मोराचा होता. मोराला जंगलातले हजारो जण रोज मोबाइलवर बघायचे. त्याने ढोलीपुढे उभं राहून व्हिडिओ करायचा ठरलं. मोर आला, ढोलीपुढे उभा राहिला आणि त्याने पिसारा फुलवला. ढोली दिसेनाशी झाली. व्हिडिओखाली सगळ्यांनी लिहिलं, काय तो पिसारा. एका लांडोरीने पत्ता विचारला, पण मोराचा.

तिसरा प्रकार सरड्याचा स्वतःचा आवडता होता. जो एकदा कोणत्याही झाडाचा फोटो बघेल, त्याच्या मागे टकोजीची ढोली लागेल. हरणाने गवताचा भाव बघितला, ढोली दिसली. हत्तीने हवामान बघितलं, ढोली दिसली. खाली लिहिलं होतं, 'आत फुल रेंज'. तळ्यातल्या माशांनी काठावरच्या उंबराचे फोटो बघितले होते. त्यांनाही ढोली दिसायला लागली.

"मासा झाडावर कसा राहील हो?" टकोजीने विचारलं.

"आज नाही राहणार," सरडा म्हणाला. "पण उद्या कुणी ढोली म्हटलं, की माशाला तुमचंच नाव आठवेल. याला ब्रँड म्हणतात."

टकोजीला हे फार खोल वाटलं. आता तो दिवसभर वारुळावर बसून राहायला लागला. पिसाऱ्यात अळ्या जास्त घालाव्यात की पाठलागात, यावर दोघांची चर्चा चाले. ढोल्या कोरणं बंद पडलं. ज्या अळ्या मिळत, त्या जाहिरातीला जात.

एके सकाळी सगळ्यात धाकट्या पिल्लाने चोच उघडली नाही. तानीबाईने त्याला हलवून पाहिलं. त्याने मान टाकली होती, पण श्वास चालू होता. तिने वारुळाकडे बघून टकोजीला हाक मारली.

"थांब जरा," टकोजी मान वर न करता म्हणाला. "आकडे वाढतायत."

"मग आकडेच भरव त्यांना," तानीबाई म्हणाली.

तिने पिल्लांवर पानं पसरली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सोडून ती उडाली. समोरच्या वाळक्या फांदीवर बसून सालीखालच्या अळ्या काढायला तिने चोच मारायला सुरुवात केली. ती रागात होती. आवाज सगळ्या रानात घुमला.

थोड्याच वेळात ओढ्यापलीकडून धनेशाचं जोडपं उडत आलं. धनेशीण अंड्यावर आली होती. त्यांच्यात अशी रीत, की मादीने ढोलीत शिरायचं, चिखलाने दार लिंपून घ्यायचं आणि नराने फटीतून तिला खाऊ घालायचं.

"अहो बाई, कुठे होता इतके दिवस?" धनेशीण धापा टाकत म्हणाली. "आम्ही सुतार शोधतो ते ठोकण्याच्या आवाजावर. आवाजच नाही. वाटलं, तुम्ही जंगल सोडून गेलात."

तानीबाईने तोंडातली अळी बाजूला ठेवून विचारलं, की आमची जाहिरात नाही का दिसली?

"दिसते की. रोज दिसते. ती आली की मी डोळे मिटते."

मग धनेशिणीने ढोलीत डोकं घालून बघितलं आणि विचारलं, "आत रेंज येते?"

तानीबाई खरं बोलली. "नाही हो."

"देवच पावला. आता पोरं मोठी होईपर्यंत नणंदेचा फोन नाही," धनेशीण म्हणाली आणि आत शिरली.

धनेशाने रीतीप्रमाणे लगेच अळ्या आणल्या. धाकट्याच्या तोंडात पहिला घास तानीबाईने चोचीने ढकलला. बऱ्याच वेळाने त्याने तो गिळला. मग दुसऱ्या घासाला त्याने आपणहून चोच उघडली.

दुपारी सरडा आला. "अभिनंदन, टकोजीराव," तो म्हणाला. "परिणाम दिसायला थोडा वेळ लागतोच."

मग दोघांनी बसून विचार केला, की ढोली नेमकी कोणत्या जाहिरातीमुळे गेली. टकोजीचं मत मोराकडे झुकत होतं, सरड्याचं पाठलागाकडे. शेवटी पुढच्या वर्षी दोन्ही करायचं ठरलं. सरड्याने 'एका सुताराची यशोगाथा' या नावाने टकोजीचा, पिल्लांचा आणि ढोलीचा फोटो काढला. तो बघून तांबट, पोपट आणि पिंगळा लगेच वारुळापुढे रांगेत उभे राहिले.

फोटोत तानीबाई नाही. ती कामावर गेली होती.

तात्पर्य: मुलांनो, जाहिरातीचा कोणताही प्रकार निवडा, तो हमखास चालतो. फक्त घरात एक माणूस मोबाइल न बघणारं ठेवा.