शेवट बदललेला सिनेमा

एका जंगलात, बाळांनो, भिकोबा अस्वलाचं तंबू-थिएटर होतं. दर रविवारी दुपारी तिथे हॉलिवूडचे जुने, काळे-पांढरे सिनेमे लागत. भाषा कुणालाच कळत नसे, पण शेवट सगळ्यांना पाठ होता. दुष्ट माणूस कड्यावरून पडे, नाहीतर पोलीस त्याला धरून नेत. मग प्राणी समाधानाने घरी जात.

एका रविवारी भलतंच झालं. पडद्यावरच्या उंच टोपीवाल्याने एका म्हातारीला तिच्याच घरातून हाकललं, आणि शेवटी तो आगगाडीत बसून हसत हसत निघून गेला. सिनेमा संपला.

तंबूत गदारोळ उठला. हरणं रडली. रानडुकरांनी दोन बाकं मोडली. सगळ्यांत जास्त संतापला तुळाजीराव तरस. अशाने पिल्लांवर काय संस्कार होणार, असं त्याचं म्हणणं. लगेच त्याच्या अध्यक्षतेखाली निषेध समिती नेमली गेली आणि समितीने भिकोबाला शेवट बदलायला सांगितलं. तंबू फाटेल या भीतीने भिकोबा दुसऱ्या सिनेमाचा तुकडा कापून जोडायला बसला.

मधल्या रांगेत यमुनाक्का साळिंदर होती. गेल्या उन्हाळ्यात तुळाजीरावाने तिला पिल्लांसकट बिळाबाहेर काढलं होतं आणि स्वतः तिथे राहायला गेला होता. तिने पंचांकडे खूप खेटे घातले. कुणाला सवड नव्हती. आज सगळेच चिडलेले पाहून तिला धीर आला. ती उभी राहिली.

"माझंही घर असंच गेलंय," ती म्हणाली. "ज्याने घेतलं, तो इथेच बसलाय."

तुळाजीराव छताकडे पाहू लागला.

शेजारची हरणी हळूच म्हणाली, "आक्का, खाली बसा. शेवट सुरू होतोय."

आगगाडी पुन्हा सुटली, आणि पुढच्याच क्षणी एक मोटार कड्यावरून कोसळली. आगगाडीतला माणूस मोटारीत कसा आला, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या थांबेनात. तुळाजीरावाने तर डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी यमुनाक्का पुन्हा पंचांकडे गेली. मुख्य पंच गवा कालच्या खेळाला हजर होता. त्याचा आवाज अगदी मायेचा होता.

"आता आणखी काय हवं, यमुनाक्का? एवढ्या लोकांसमोर शिक्षा झाली की."

पिल्लांना घेऊन ती नदीपलीकडे गेली आणि नवं बीळ खणू लागली. तिथली जमीन फार खडकाळ होती.

तात्पर्य : दुष्टाला शिक्षा ही झालीच पाहिजे. ती त्यालाच व्हायला हवी, असं मात्र नाही.