श्रोते : एक

आमच्या कॉलनीतले, मागच्या गल्लीत राहणारे निकम लग्नपत्रिका वाचण्याआधी ती उजेडासमोर धरून बघतात. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये त्यांनी तीस वर्षं छापलेल्या कागदांतल्या चुका शोधल्या. ते निवृत्त झाले, नजर झाली नाही. देवळ्याहून भावाने पाठवलेल्या गोणीतला कांदासुद्धा ते हातात फिरवून बघतात आणि म्हणतात, "बाद."

घरोघरी ब्रॉडबँड आलं तेव्हा आमच्या संगीत मंडळाने ठरवलं, महिन्यातून एकदा होणारी रविवार सकाळची बैठक इंटरनेटवरून थेट ऐकवायची. कॉलनीतल्या बऱ्याच घरांतली मुलं परदेशी गेलेली होती. सॉफ्टवेअर निवडायचं काम निकमांनी मागून घेतलं. मी मंडळाची चिटणीस. काम वेळेत व्हावं एवढीच माझी अपेक्षा.

पाच महिने गेले. पहिल्यात तानपुरा डासासारखा वाजतो, बाद. दुसरं मधेच थांबून दम खातं, बाद. तिसऱ्यात आवाज स्वच्छ होता. तेही बाद.

"आता यात काय खोट काढली?" मी विचारलं.

"चिटणीसबाई, ऐकायला किती जण बसलेत ते यात कळतच नाय."

शेवटी त्यांनी निवडलं ते सगळ्यांत वाईट. पण पडद्याच्या कोपऱ्यात श्रोत्यांचा आकडा दिसायचा. "निकमसाहेब, गायक विहिरीत उतरवलाय का?" असं लोक विचारायला लागले. पहिल्या बैठकीला आकडा चोवीस होता, दुसरीला सहा. तिसरीला आठ वाजता गाणं सुरू झालं तेव्हा एक.

बैठकीतल्या संगणकावर त्या एकाकडे निकम टक लावून बसले. कारण मला माहीत होतं. त्यांची मुलगी मेधा याच मंडळात गाणं शिकली. अमेरिकेत तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून निकम तिच्याशी बोललेले नाहीत. बैठकीची लिंक मात्र दर महिन्याला तिला ईमेलने पाठवतात. निकमवहिनींनीच मला हे मेथी निवडताना सांगितलं होतं.

दहाला बैठक संपली. घरी आले तर लाइट नुकतीच आली होती आणि संगणक बंद पडला होता. तेव्हा आठवलं, सकाळी आवाज तपासायला मी घरच्या संगणकावर बैठकीची लिंक उघडली होती आणि तशीच सोडून निघाले होते.

असलं काही पोटात ठेवणं मला जमत नाही. संध्याकाळी जाऊन सांगून टाकलं, "निकम, तो एक म्हणजे माझा संगणक होता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "साडेआठला आकडा शून्य झाला. तुमच्या गल्लीचं लोडशेडिंग साडेआठचंच."

"मग पुढचा दीड तास काय बघत होतात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "शून्याचा एक होतो का ते."

पुढच्या सभेत सॉफ्टवेअर बदलायचा विषय निघाला. मी म्हटलं, निकम अजून तपासताहेत. पुढचा विषय घ्या.