एका दिवसाची माती

आमच्या मुलीच्या बारशाला खानझोडेसाहेब आले, पाळण्यात डोकावले आणि जाताना अंगणातली मूठभर माती जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात भरून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "माती फुगीर आहे. भिंतीला तडा जाईल." आणि तडा गेलाच.

बरखेड्यात, कारखान्याच्या वसाहतीत, आमची क्वार्टर्स शेजारी-शेजारी. साहेब मूळ नागपूरचे, कारखान्याच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत. घरीसुद्धा ओट्यावर दोन काचेची नळकांडी; एकात पाणी, एकात रॉकेल आणि दोन्हींत तीच माती. रॉकेलमधली निमूट बसते, पाण्यातली फुगते. माणसांनाही ते हाच न्याय लावत. नव्या मॅनेजरबद्दल म्हणाले, "अजून रॉकेलमध्ये आहे. पाणी लागू द्या."

रस्त्याखालच्या मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मगच तिची ताकद मोजतात. त्यामुळे कुणी सोयरिकीचा सल्ला विचारला तरी साहेबांचं उत्तर एकच, "चार दिवस भिजू द्या, मग बोलू." वहिनी वैतागायच्या, "मला पाहून गेले, तेव्हा होकारसुद्धा पाचव्या दिवशी कळवला!"

आमच्या गल्लीचा रस्ता व्हायचा होता तेव्हा मात्र मोठे साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "खानझोडेजी, चार दिन कहाँ हैं? परसों से काम चालू करना है, ऊपर से फोन आया है." एकच दिवस भिजलेल्या मातीवर खानझोड्यांनी सही केली. आयुष्यात एकदाच.

पहिल्याच पावसाळ्यात रस्ता जागोजागी वर उचलला, उन्हाळ्यात फाटला. दूध आणायला निघालेल्या वहिनी एका उंचवट्याला अडखळून पडल्या. खुबा मोडला. त्या पुन्हा चालल्या नाहीत. सहीचं त्यांना अजून माहीत नाही. मला साहेबांनीच सांगितलं, भाजीवाल्यापाशी भेंडी निवडता निवडता. मी म्हटलं, भेंडी कोवळी आहे.

आता ते निवृत्त झालेत. रोज सकाळी घमेल्यात मुरूम आणि चुना कालवून रस्त्याच्या भेगा भरत बसतात. वहिनींना चाकांच्या खुर्चीतून कोपऱ्यावरच्या बागेत न्यायचंय. लोक हसतात. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

परवा न राहवून विचारलं, "साहेब, टिकेल का हो हे?"

"कसं टिकेल?" ते उखडलेच. "खाली पुरुषभर काळी माती आहे. पाऊस आला की सगळं उचलणार. मला शिकवता काय?"

मग त्यांनी घराच्या खिडकीकडे पाहिलं. वहिनी तिथे बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, वेणी घालून.

"रोज तयार होऊन बसते," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठपर्यंत आलं, विचारते. मी सांगतो, थोडंच राहिलंय."